‘एनसी’चा कागद घेऊन परत येऊ नका: द्वेषातून घडलेल्या गुन्ह्याची फिर्याद, नाशिकमध्ये, पायरीपायरीने

नवरदेवाला घोड्यावरून खाली उतरवलं. धर्म विचारून दुकान फोडलं. भाषा ऐकून कामगाराला बदडलं. अशी घटना घडल्यावर घाबरलेलं कुटुंब रात्री ठाण्यात जातं आणि तासाभराने एक कागद घेऊन बाहेर येतं. त्यावर लिहिलेलं असतं, ‘किरकोळ कारणावरून वाद, शिवीगाळ व मारहाण’. ही अदखलपात्र नोंद, म्हणजे एनसी; यात पोलीस कोर्टाच्या परवानगीशिवाय तपास करत नाहीत. जात, धर्म, भाषा, ज्या कारणासाठी हात उचलला गेला ते कारण त्या कागदावर कुठेच नसतं. मग वकील कितीही चांगला मिळाला तरी त्याला ते कारण शून्यातून उभं करावं लागतं, आणि बहुतेक वेळा ते उभं राहत नाही.

२९ सप्टेंबर २००६ रोजी भंडारा जिल्ह्यातल्या खैरलांजीत एकाच दलित कुटुंबातल्या चौघांचे खून झाले. भंडाऱ्याच्या कोर्टाने २००८ मध्ये आरोपींना दोषी धरलं, २०१० मध्ये हायकोर्टातही दोष कायम राहिला. पण अ‍ॅट्रॉसिटी कायद्याची कलमं दोन्ही कोर्टांत टिकली नाहीत. सारा महाराष्ट्र ज्याला जातीय अत्याचार म्हणत होता, तो कोर्टाच्या निकालात साध्या खुनाचा खटला ठरला. म्हणून या लेखाचा सगळा भर एकाच गोष्टीवर आहे: द्वेषाचं कारण पहिल्याच दिवशी, नेमक्या शब्दांत कागदावर आणा.

१. आधी ओळखा: हे नेमकं काय घडलं

आपल्याकडे ‘द्वेषगुन्हा’ नावाचा वेगळा कायदा नाही. ही कल्पना अनेक कायद्यांत विखुरलेली आहे. पण ओळखायची खूण सोपी आहे. दोन गोष्टी एकत्र लागतात: एक, मुळात गुन्हा (मारहाण, धमकी, नासधूस, खून), आणि दोन, तुमची निवड तुम्ही कोण आहात यावरून झालेली असणं. तुमच्या जागी त्याच गल्लीतला दुसरा कुणी असता तर हे घडलं नसतं, असं वाटतंय का? मग तसं का वाटतं ते लगेच लिहून काढा.

या खुणा शोधा: हल्ल्याआधी किंवा हल्ल्यात उच्चारलेले शब्द, नाव, आडनाव किंवा धर्म विचारणं, दिवस (१४ एप्रिल, ईद, मिरवणुकीचा दिवस), जागा (बुद्धविहार, दर्गा, चर्च, समाजमंदिर), झेंडा, टोपी, निळा गमछा अशा चिन्हांवर हात टाकणं, पैसे किंवा मोबाइल न घेता फक्त मारणं, आधीच्या आठवड्यात गावात फिरलेला मेसेज.

गाडी लावण्याचा, भाड्याचा किंवा बांधाचा जुना वाद असेल तरी घाबरू नका, आणि तो लपवूही नका. वाद खरा असू शकतो आणि त्या वादात जात काढून अपमान करणं हाही गुन्हा असू शकतो. लपवलेला वाद उलटतपासणीत बाहेर येतो आणि मग उरलेल्या खऱ्या गोष्टींवरही संशय येतो.

नुसतं भडकाऊ भाषण, प्रत्यक्ष हल्ला आणि बहिष्कार यांची कलमं वेगवेगळी आहेत. म्हणून पुढची पायरी नीट वाचा.

२. कोणतं कलम कुठे लागतं

घटना १ जुलै २०२४ च्या आधीची असेल तर जुनी भारतीय दंड संहिता. त्यानंतरची असेल तर भारतीय न्याय संहिता. आकडे बदललेत, त्यामुळे गोंधळ होतो. सगळ्यांच्या तोंडी असलेलं खुनाचं ‘३०२’ आता धार्मिक भावना दुखावणाऱ्या शब्दांचं कलम आहे. खून कलम १०३ मध्ये गेला.

न्याय संहितेतली कामाची कलमं:

- कलम १९६ (जुनं १५३ अ): धर्म, वंश, जन्मस्थान, निवास, भाषा, जात यांवरून दोन गटांत शत्रुत्व पसरवणं. तीन वर्षांपर्यंत शिक्षा, प्रार्थनास्थळात केलं तर पाच वर्षांपर्यंत. दखलपात्र आणि अजामीनपात्र.
- कलम २९९ (जुनं २९५ अ): एखाद्या वर्गाच्या धर्माचा जाणूनबुजून, दुष्ट हेतूने अपमान. प्रार्थनास्थळाची नासधूस किंवा विटंबना कलम २९८ मध्ये येते.
- कलम ३५३: द्वेष भडकेल अशी विधानं, अफवा पसरवणं.
- कलम १०३(२): पाच किंवा अधिक जणांनी मिळून वंश, जात, समाज, लिंग, जन्मस्थान, भाषा, वैयक्तिक श्रद्धा अशा कारणावरून केलेला खून. जन्मठेप किंवा फाशी. याच कारणांवरून जमावाने गंभीर दुखापत केली तर कलम ११७(४), सात वर्षांपर्यंत. या यादीत ‘धर्म’ हा शब्द स्वतंत्रपणे नाही, ‘वैयक्तिक श्रद्धा’ आहे. म्हणून फिर्यादीत कलम १९६ चीही मागणी करा.

अंबड-सातपूरच्या कारखान्यांत परराज्यांतून आलेले हजारो कामगार आहेत. २००८ च्या फेब्रुवारीत भीतीपोटी त्यांच्यातले कितीतरी जण नाशिक सोडून गेले होते. भाषा आणि जन्मस्थान हे दोन्ही शब्द वरच्या कलमांत स्पष्ट आहेत, हे त्यांना कुणी सांगत नाही. तुमच्या शेजारी असा कुणी असेल तर सांगा.

फिर्यादी अनुसूचित जाती किंवा जमातीचा असेल आणि आरोपी या दोन्हींपैकी कशातच नसेल, तर १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा, म्हणजे अ‍ॅट्रॉसिटी. त्यातली ही कलमं पाठच करा:

- ३(१)(आर): अपमान करण्याच्या हेतूने लोकांसमक्ष पाणउतारा किंवा धमकी.
- ३(१)(एस): लोकांसमक्ष जातीचं नाव घेऊन शिवी.
- ३(१)(झेडए): सार्वजनिक पाणवठा, स्मशानभूमी, रस्ता, मंदिर वापरायला अडवणं, वरात अडवणं, गाडीवर बसू न देणं.
- ३(१)(झेडबी): डाकीण, चेटकीण ठरवून त्रास देणं. सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वर या तालुक्यांच्या पाड्यांवर हे कलम माहीत असणं फार गरजेचं आहे.
- ३(१)(झेडसी): सामाजिक किंवा आर्थिक बहिष्कार.
- ३(२)(व्ही): दहा वर्षं किंवा जास्त शिक्षेचा गुन्हा, समोरचा अनुसूचित जाती-जमातीचा आहे हे माहीत असताना केला तर जन्मठेप.
- ३(२)(व्हीए): साधी मारहाण, धमकी, वाट अडवणं असे कायद्याच्या परिशिष्टातले गुन्हे, तशीच माहिती असताना केलेले.

शेवटच्या दोन कलमांत एक बारकावा आहे आणि तो केस वाचवतो. २०१६ च्या जानेवारीपर्यंत ३(२)(व्ही) मध्ये ‘जातीच्या कारणावरून’ गुन्हा केला हे सिद्ध करावं लागे. दुरुस्तीनंतर आरोपीला जात माहीत होती एवढं पुरतं. शिवाय कलम ८ नुसार आरोपी तुम्हाला किंवा तुमच्या कुटुंबाला व्यक्तिशः ओळखत असेल, तर त्याला जात माहीत होती असं कोर्ट गृहीत धरतं; नव्हती हे त्याने सिद्ध करायचं. म्हणून ‘किती वर्षांपासून ओळखतो’ हे वाक्य फिर्यादीत हवंच.

बौद्ध आणि शीख धर्मातल्या अनुसूचित जातींना हा कायदा लागू आहे. अनुसूचित जमातीला धर्माची अटच नाही.

जातपंचायतीने वाळीत टाकलं असेल, मग जात कोणतीही असो, महाराष्ट्राचा २०१६ चा सामाजिक बहिष्कार प्रतिबंधक कायदा आहे. तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. २०१३ मध्ये नाशिकमध्ये जातीबाहेर लग्न केलेल्या गरोदर मुलीचा बापाने जीव घेतला, त्यातून जातपंचायतीविरुद्धची मोहीम उभी राहिली आणि हा कायदा त्याच वाटेवर आला. ज्या गावाने काळाराम मंदिराचा सत्याग्रह २ मार्च १९३० रोजी पाहिला, त्या गावातल्या माणसाला हे कायदे तोंडपाठ असायला हवेत.

तृतीयपंथी व्यक्तीवर हल्ला झाला तर २०१९ च्या कायद्याचं कलम १८, अपंग व्यक्तीचा लोकांसमक्ष अपमान झाला तर २०१६ च्या कायद्याचं कलम ९२. ही दोन्ही ठाण्यात क्वचितच आठवली जातात. आठवण करून द्यावी लागते.

३. पहिले चोवीस तास: जखम, कपडे, कॅमेरा

जखम असेल तर आधी सरकारी रुग्णालय. शहरात त्र्यंबक रोडचं जिल्हा रुग्णालय, म्हणजे सिव्हिल. तालुक्यात ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालय. ‘एमएलसी करा’, म्हणजे पोलीस प्रकरण म्हणून जखमेची नोंद करा, असं स्पष्ट सांगा. डॉक्टर विचारतात, कसं लागलं? इथे भीतीने ‘पडलो’ म्हणू नका. तो एक शब्द केसपेपरवर गेला की पुढे आरोपीचा वकील तोच कागद वाचून दाखवतो. ‘चार जणांनी लाकडी दांड्याने मारलं’ असं सांगा आणि तसंच लिहिलंय का बघा. निळे वण दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जास्त उठतात, म्हणून रोज एकदा फोटो काढा.

फाटलेले, रक्त लागलेले कपडे धुऊ नका. वाळवा आणि कागदी पिशवीत ठेवा. प्लॅस्टिकमध्ये ओल धरून डाग खराब होतात.

दुकानांच्या कॅमेऱ्यांचं फुटेज साधारण पंधरा दिवस ते महिनाभरात आपोआप पुसलं जातं, काही ठिकाणी आठवड्यातच. त्याच दिवशी दुकानदाराला भेटा आणि कॅमेऱ्याच्या घड्याळातली वेळ खरी आहे का तेही बघा. दहा मिनिटांचा फरक असतो आणि त्यावरून मोठा वाद होतो. फुटेज जप्त करायला पोलिसांना लेखी अर्ज द्या, कॅमेऱ्याची नेमकी जागा लिहून.

मोबाइलवरच्या पुराव्याचं असं करा:

- मूळ मेसेज, व्हिडिओ, ऑडिओ खोडू नका. फोन विकू नका, रीसेट करू नका.
- स्क्रीनशॉटमध्ये नाव नको, नंबर दिसला पाहिजे. आधी संपर्कातून नाव काढा, मग स्क्रीनशॉट घ्या. तारीख-वेळ दिसू द्या.
- फेसबुक, इन्स्टाग्राम, यूट्यूबची लिंक कॉपी करून ठेवा. खात्याचं नाव बदलता येतं, लिंकवरून माग लागतो.
- व्हिडिओ गटांत पुढे पाठवू नका. पुरावा म्हणून ठेवलेली तीच गोष्ट पसरवल्याचा ठपका तुमच्यावर येऊ शकतो, आणि गावही पेटतं.
- कोर्टात डिजिटल पुराव्यासोबत भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३(४) चं प्रमाणपत्र लागतं. ठरलेल्या नमुन्यात ‘हॅश’ आकडाही (फाइल बदललेली नाही हे दाखवणारा तिचा डिजिटल ठसा) द्यावा लागतो. पेन ड्राइव्ह देऊन मोकळे होऊ नका. तपास अधिकाऱ्याला प्रमाणपत्राचं विचारा.

४. कोणत्या ठाण्यात जायचं

शहरात पोलीस आयुक्तालय आहे: सरकारवाडा, भद्रकाली, पंचवटी, म्हसरूळ, आडगाव, गंगापूर, मुंबई नाका, सातपूर, अंबड, इंदिरानगर, उपनगर, नाशिक रोड, देवळाली कॅम्प ही ठाणी त्याच्या हद्दीत. बाकी तालुके, मालेगावसह, नाशिक ग्रामीणच्या पोलीस अधीक्षकांकडे.

हद्द कळत नसेल तरी थांबू नका. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेला कायदा) कलम १७३ नुसार कोणत्याही ठाण्याने दखलपात्र गुन्ह्याची फिर्याद घ्यायचीच आहे. तिला शून्य क्रमांकाची फिर्याद म्हणतात आणि ती नंतर योग्य ठाण्याकडे जाते. ‘हे आमच्या हद्दीत नाही, आडगावला जा’ असं सांगितलं तर या कलमाचा आकडा सांगा.

धोका चालू असेल, जमाव दारात असेल, तर आधी ११२ या आपत्कालीन नंबरवर फोन. कॉल केल्याची वेळ टिपून ठेवा, ती स्वतंत्र नोंद पुढे उपयोगी पडते.

सोबत हे घ्या: ओळखपत्र, एमएलसीचा कागद, जातीचा दाखला (असेल तर), साक्षीदारांची नावं व नंबर, घटनेची तुमच्या हाताने लिहिलेली टिपणं, आणि एक शांत डोक्याचा माणूस. दहा जण घेऊन जाऊ नका. दाखला नाही म्हणून फिर्याद अडत नाही, तो नंतर देता येतो. तसं ठाणे अंमलदाराला सांगा.

५. फिर्याद: एक एक शब्द

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. ठाण्यात नेहमी लिहिलं जाणारं वाक्य असं असतं:

‘आरोपींनी जातिवाचक शिवीगाळ करून मारहाण केली व पाहून घेण्याची धमकी दिली.’

हे वाक्य कोर्टात फार काळ उभं राहत नाही. कोण काय म्हणालं, कुठे, कोणासमोर, काहीच कळत नाही. त्याऐवजी:

‘दिनांक अमुक रोजी सायंकाळी साडेसातच्या सुमारास मी सातपूर येथील चहाच्या टपरीसमोर रस्त्यावर उभा होतो. मी अनुसूचित जातीचा आहे. माझ्या गल्लीत राहणारे, मला व माझ्या कुटुंबाला सहा वर्षांपासून ओळखणारे आणि अनुसूचित जाती-जमातीचे नसलेले दोन इसम मोटारसायकलवरून आले. त्यांपैकी पहिल्याने मोठ्याने (इथे जसाच्या तसा शब्द) असे म्हणून, तुझी आमच्यासमोर गाडी लावायची हिंमत कशी झाली, असे म्हटले. त्या वेळी टपरीचालक व भाजी घेण्यास आलेल्या दोन स्त्रिया तेथे हजर होत्या व त्यांनी ते ऐकले. त्यानंतर दुसऱ्याने हातातील लाकडी दांड्याने माझ्या डाव्या खांद्यावर मारले.’

प्रत्येक तुकड्याला काम आहे. ‘रस्त्यावर’ आणि ‘त्या वेळी हजर होत्या’ यांमुळे ‘लोकांसमक्ष’ ही अट पुरी होते. ‘सहा वर्षांपासून ओळखणारे’ यामुळे कलम ८ लागतं. ‘जाती-जमातीचे नसलेले’ हे नसेल तर अ‍ॅट्रॉसिटीचा पायाच राहत नाही. कोणी काय म्हटलं आणि कोणी मारलं हे वेगळं लिहिल्यामुळे प्रत्येकाची भूमिका स्पष्ट होते.

शिवीचा शब्द उच्चारायला लाज वाटते, विशेषतः बायकांना. तरीही तो जसाच्या तसा लिहिला पाहिजे. बोलवत नसेल तर चिठ्ठीवर लिहून द्या. ‘अर्वाच्य भाषा’ या दोन शब्दांत गुन्हा विरून जातो.

लोकांसमक्ष म्हणजे काय, यावर २०२० मध्ये सुप्रीम कोर्टाने स्पष्ट केलं: घराच्या चार भिंतींत, बाहेरचं कुणी नसताना झालेला अपमान ३(१)(आर) मध्ये बसत नाही, आणि नुसते नातेवाईक-मित्र साक्षीला असून भागत नाही. म्हणून त्रयस्थ माणसाचं नाव शोधा. पण घरात घुसून मारलं असेल तर हताश होऊ नका. ३(२)(व्हीए) ला ही अट नाही. ठाण्यात दोन्ही कलमं मागा.

धर्म किंवा भाषेवरून हल्ला असेल तर हीच पद्धत. ‘नाव विचारलं, मी सांगितलं, त्यावर तो म्हणाला…’ हा क्रम महत्त्वाचा. आधी काय विचारलं आणि मग काय केलं, यातूनच हेतू दिसतो.

जे ऐकलं तेवढंच लिहा. राग आलेला असतो, शेजारी म्हणतो ‘त्याच्या भावाचंही नाव घाल’. घालू नका. तिथे नसलेल्या माणसाचं एक नाव उरलेल्या चार खऱ्या आरोपींना सोडवतं.

सही करण्याआधी फिर्याद वाचून दाखवणं पोलिसांवर बंधनकारक आहे. हळू वाचायला सांगा. चूक असेल तर तिथेच दुरुस्त करून घ्या. प्रत मोफत मिळते. ती हातात घेतल्याशिवाय निघू नका. प्रतीवर कलमांचा रकाना बघा. फक्त ११५(२) आणि ३५२ दिसत असतील तर ते मारहाण आणि अपमानाचे अदखलपात्र गुन्हे आहेत, म्हणजे द्वेषाचं कलम लागलेलं नाही. काही सांगायचं राहून गेलं असेल तर दुसऱ्याच दिवशी पुरवणी जबाब द्या. महिन्याने दिलेल्या पुरवणी जबाबाला ‘मागाहून सुचलेलं’ म्हणतात.

६. ठाण्यात ऐकायला मिळणारी चार उत्तरं

‘आधी चौकशी करू, मग बघू.’ अ‍ॅट्रॉसिटीच्या कलम १८ अ नुसार फिर्याद नोंदवण्याआधी प्राथमिक चौकशीची गरज नाही. इतर कायद्यांत तीन ते सात वर्षांच्या शिक्षेच्या गुन्ह्यांत उपअधीक्षकांच्या परवानगीने चौदा दिवसांची चौकशी होऊ शकते, त्याहून लांब नाही.

‘भाषणाच्या गुन्ह्याला सरकारची मंजुरी लागते.’ लागते, पण कोर्टाने दखल घेण्यासाठी, नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम २१७ प्रमाणे. फिर्याद नोंदवायला आणि तपासाला मंजुरी लागत नाही. २८ एप्रिल २०२३ रोजी सुप्रीम कोर्टाने सर्व राज्यांना सांगितलं की द्वेषपूर्ण भाषणावर तक्रारीची वाट न पाहता स्वतःहून गुन्हा नोंदवा, बोलणाऱ्याचा धर्म न बघता.

‘साहेब नाहीत, उद्या या.’ अ‍ॅट्रॉसिटीचा तपास उपअधीक्षक दर्जाचा अधिकारी करतो (शहरात सहायक पोलीस आयुक्त), पण फिर्याद ठाणे अंमलदारच घेतो.

‘एनसी करतो, कोर्टात जा.’ २०१३ पासून सुप्रीम कोर्टाचा घटनापीठाचा निकाल आहे: माहितीतून दखलपात्र गुन्हा दिसत असेल तर नोंद सक्तीची.

तरीही नकार मिळाला तर या क्रमाने जा:

१. त्याच दिवशी लेखी तक्रार द्या आणि दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का घ्या. शिक्का देत नसतील तर रजिस्टर पोस्टाने पोच पावतीसह.
२. शहरात पोलीस आयुक्त किंवा उपायुक्त, ग्रामीणमध्ये अधीक्षक यांना नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(४) खाली पोस्टाने तक्रार. जमावाच्या हिंसेसाठी प्रत्येक जिल्ह्यात अधीक्षक दर्जाचा नोडल अधिकारी नेमण्याचा आदेश २०१८ पासून आहे. अर्जाची प्रत त्याच्या नावानेही द्या.
३. मग त्याच संहितेच्या कलम १७५(३) खाली न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज, शपथपत्रासह. आधीच्या दोन पायऱ्यांचे पुरावे जोडले नाहीत तर अर्ज परत येतो. अ‍ॅट्रॉसिटीत विशेष न्यायालयाकडे जाता येतं.
४. अनुसूचित जाती-जमातीच्या प्रकरणात १४५६६ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा आणि क्रमांक जपून ठेवा. कर्तव्यात जाणूनबुजून कसूर करणाऱ्या लोकसेवकाला कलम ४ खाली सहा महिने ते एक वर्ष शिक्षा आहे.

ठाण्यात गेल्याची वेळ लिहून ठेवा. ठाण्यातल्या कॅमेऱ्यांचं चित्रण किमान वर्षभर जपण्याचा आदेश सुप्रीम कोर्टाने २०२० मध्ये दिलाय. तुम्ही आला होतात आणि परत पाठवलं गेलात, याचा तो साक्षीदार आहे.

७. तपास सुरू झाल्यावर

घटनास्थळाचा पंचनामा होताना हजर राहा. पंच कोण आहेत बघा. आरोपीच्या घरचा माणूस पंच नको. महत्त्वाच्या साक्षीदारांचे जबाब न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर, नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १८३ खाली, नोंदवून घ्यायची लेखी विनंती करा. गावातला साक्षीदार आज जे धीराने सांगतो ते दोन वर्षांनी सांगेलच असं नाही.

अ‍ॅट्रॉसिटीत दोषारोपपत्र साठ दिवसांत अपेक्षित आहे. उशीर झाला तर कारण लेखी द्यावं लागतं. इतर गुन्ह्यांत तपास कुठवर आला हे नव्वद दिवसांत फिर्यादीला कळवायचं असतं. कळवलं नाही तर अर्ज करा.

आरोपीला अटक झाली नाही म्हणून केस पडली असं समजू नका. सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यात पोलीस बहुधा नोटीस देऊन चौकशी करतात. अटकपूर्व जामीन अ‍ॅट्रॉसिटीत नाही. मात्र फिर्यादीतून प्रथमदर्शनी गुन्हाच दिसत नसेल तर कोर्ट तो देऊ शकतं. पायरी ५ मधले शब्द इथे पुन्हा कामी येतात.

आरोपीने जामीन मागितला तर अ‍ॅट्रॉसिटीच्या कलम १५ अ नुसार तुम्हाला सूचना मिळाली पाहिजे आणि तुमचं म्हणणं ऐकलं गेलं पाहिजे. २०२१ मध्ये सुप्रीम कोर्टाने हे सक्तीचं असल्याचं सांगितलं. सूचना न देता जामीन झाला असेल तर तेवढ्या मुद्द्यावर तो रद्द करायला मागता येतो; विशेष न्यायालयाच्या आदेशाविरुद्ध हायकोर्टात अपिलाची मुदत नव्वद दिवस.

क्रॉस केस येईल, ती गृहीत धरा. तुम्ही फिर्याद दिली की समोरून चोरीची किंवा विनयभंगाची तक्रार होते. घाबरून फिर्याद मागे घेऊ नका. त्या वेळी तुम्ही कुठे होतात याचे कागद (एमएलसीची वेळ, ११२ चा कॉल, कॅमेरा) वकिलाकडे द्या.

८. वकील, मदत, संरक्षण

सीबीएसजवळच्या जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. अनुसूचित जाती-जमातीची व्यक्ती, स्त्री, मूल, अपंग व्यक्ती, जातीय अत्याचार किंवा वांशिक हिंसेचा बळी यांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. फोन १५१००. खटला सरकारी वकील चालवतात. अ‍ॅट्रॉसिटीत पीडिताच्या मागणीवरून जिल्हाधिकारी नामवंत वकील नेमू शकतात, अत्याचार प्रतिबंधक नियमांतला नियम ४(५). अर्ज दोषारोपपत्राच्या आधीच द्या.

अ‍ॅट्रॉसिटीतली अर्थसाहाय्याची रक्कम गुन्ह्यानुसार ८५ हजारांपासून सव्वाआठ लाखांपर्यंत आहे. लोकांसमक्ष अपमान किंवा शिवीगाळीला एक लाख: २५ टक्के फिर्यादीनंतर, ५० टक्के दोषारोपपत्र गेल्यावर, २५ टक्के शिक्षा झाल्यावर. खून असेल तर सव्वाआठ लाख, निम्मे शवविच्छेदनानंतर आणि निम्मे दोषारोपपत्रावेळी. हा निधी समाजकल्याणच्या सहाय्यक आयुक्त कार्यालयातून येतो. पोलिसांनी प्रस्ताव पाठवायचा असतो. प्रस्ताव गेलाय का हे ठाण्यात विचारा, जावक क्रमांक घ्या, मग समाजकल्याणमध्ये चौकशी करा. लागणारे कागद: फिर्यादीची प्रत, जातीचा दाखला, वैद्यकीय प्रमाणपत्र, आधार, बँक पासबुक. नाव सगळीकडे सारखं आहे का बघा. पासबुकावर ‘बाई’, दाखल्यावर नुसतं नाव, एवढ्यावर महिनोन्‌महिने फाइल अडते.

साक्षीला जाण्याचा प्रवासखर्च आणि बुडालेली मजुरी मिळते, नियम ११. तिकीट जपा आणि त्याच दिवशी मागणी करा.

धर्म किंवा भाषेवरच्या हल्ल्यात ही वेगळी रक्कम नाही. तिथे नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३९६ खाली विधी सेवा प्राधिकरणाकडे नुकसानभरपाईचा अर्ज करा. आरोपी सापडला नाही तरी करता येतो.

धमक्या येत असतील तर २०१८ च्या साक्षीदार संरक्षण योजनेखाली जिल्हा न्यायालयात अर्ज करा. कोणत्या नंबरवरून, कधी, काय म्हटलं याची तारीखवार यादी जोडा.

गावातली मोठी माणसं ‘मिटवून घ्या’ म्हणत दारात येतील. अ‍ॅट्रॉसिटी परस्पर मिटवता येत नाही. कोऱ्या कागदावर, स्टॅम्पपेपरवर सही करू नका, पैसे घेऊ नका. बोलायचंच असेल तर वकील सोबत घेऊन, दिवसाउजेडी. कुणी दबाव आणला तर त्याचीही वेगळी तक्रार द्या.

जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या दक्षता व नियंत्रण समितीची दर तीन महिन्यांनी बैठक व्हायला हवी, नियम १७. तुमचं प्रकरण अडलं असेल तर बैठकीआधी पंधरा दिवस जिल्हाधिकारी कार्यालयात अर्ज द्या. वर गुन्हा नोंद क्रमांक, ठाणं, फिर्यादीची तारीख आणि काय अडलंय ते एका ओळीत लिहा. त्या बैठकीत पोलीस आणि समाजकल्याण दोघेही टेबलावर असतात.